दोराचं दुसरं टोक

“जीव टांगणीला लावून कसली आलीय सुट्टी?” सुट्टीला बदामीच्या कड्यावर चढायला चाललोय असं बसवकल्याणात कुणाला सांगितलं की हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. कड्याच्या ज्या गोष्टी लहानपणापासून आपल्या कानावर पडतात त्या सगळ्या जिवावरच्याच. हिरकणी तान्ह्या बाळाच्या ओढीने रायगडाचा कडा उतरली म्हणतात. 1670 मध्ये तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे रात्रीच्या अंधारात कोंढाण्याचा कडा चढून गेले. त्यांच्यामागे कारण मोठं होतं आणि पाय सरकला तर सगळं संपणार होतं. अशा गोष्टींवर वाढलेल्या माणसाला कडा आणि निवांतपणा एका वाक्यात बसवता येत नाहीत.

मला मात्र वाटतं की निवांत दिवस कशाकशाचा बनलेला असतो हे पाहायचं, तर स्पोर्ट क्लाइंबिंगइतकी उघडी जागा दुसरी नाही. घरात किंवा गावाला जाऊन आपण आराम करतो तेव्हा तो आराम कशावर टेकलाय हे झाकलेलं असतं. कड्यावर ते डोळ्यांसमोर लोंबत असतं.

आधी खेळ समजून घेऊ. ज्या कड्यावर हा खेळ चालतो तिथे कुणीतरी आधी ड्रिलने भोकं पाडून साधारण दोन-तीन मीटरच्या अंतराने पोलादी बोल्ट बसवून ठेवलेले असतात. चढणारा कमरेच्या हार्नेसला दोर बांधतो आणि हातापायांच्या बळावर दगडाच्या खाचाखोचा धरत वर जातो. वाटेत बोल्ट आला की त्यात क्विकड्रॉ अडकवायचा, म्हणजे पट्टीने जोडलेल्या दोन कड्यांची जोडी, आणि खालच्या कडीतून आपला दोर घ्यायचा. दोराचं दुसरं टोक खाली जमिनीवर उभ्या असलेल्या जोडीदाराकडे. तो चढणाऱ्याच्या चालीप्रमाणे दोर सोडतो, आवळतो, आणि पडला तर धरतो. याला बिले देणं म्हणतात. बोल्टवर लटकून वर सरकायचं नसतं. तो फक्त पडल्यावर उपयोगी यायचा.

आता समजा, शेवटच्या बोल्टच्या एक मीटर वर असताना हात सुटला. एक मीटर बोल्टपर्यंत, आणखी एक मीटर त्याच्या खाली, शिवाय दोराची ढील आणि ताण. माणूस तीनएक मीटर खाली येऊन हवेत झुलतो. हा दोर मुद्दाम ताणणारा बनवलेला असतो, त्यामुळे झटका अंगाला बसत नाही, दोर तो गिळतो. बोल्टच्या युरोपीय मानकाची अट आहे की दगडाला समांतर ओढ बसली तर त्याने 25 किलोन्यूटन, म्हणजे साधारण अडीच टनांचा जोर सहन केला पाहिजे. माणूस साठ-सत्तर किलोचा. तो पडतो, एखादी शिवी हासडतो, हसतो, दोराला लटकून हात झटकतो आणि पुन्हा दगडाला लागतो.

या खेळाचं मर्म त्या पडण्यात आहे. पूर्वी गिर्यारोहक भेगांत मेखा ठोकत वर जायचे. मेख धरेल की निसटेल हे पडल्यावरच कळायचं, म्हणून पडायचंच नाही हा पहिला नियम होता. त्या नियमामुळे माणूस जे नक्की जमेल तेवढंच चढायचा. 1970च्या दशकात जर्मनीच्या फ्रँकनयुरा भागात कुर्ट अल्बर्ट या तरुणाने वेगळं काही सुरू केलं. मेखांना हात न लावता, न लटकता पूर्ण वाट चढून झाली की तो तिच्या पायथ्याशी लाल ठिपका रंगवायचा. चढणाऱ्यांच्या बोलण्यातलं ‘रेडपॉइंट’ ते हेच. पुढे फ्रान्समधल्या व्हर्दाँ आणि ब्यूच्या चुनखडी कड्यांवर बोल्ट मारलेल्या वाटा उघडत गेल्या आणि खेळाचं रूप ठरलं. जमेल की नाही याची खात्री नसलेली गोष्ट करून पाहायला माणूस मोकळा झाला. जी चाल अनेकदा फसणार आहे ती करायला घ्यायची, फसायचं, पुन्हा घ्यायची.

म्हणजे इथे दोन गोष्टींची फारकत झाली. धोका आणि अवघडपणा या दोन्ही आपल्या मनात एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. जे अवघड ते धोक्याचं, असं आपण धरूनच चालतो. चित्रदुर्गाच्या तटावर ‘कोतीराजा’ म्हणून ओळखला जाणारा ज्योतीराज दोराशिवाय सरसर चढतो तेव्हा बघ्यांचा श्वास अडकतो तो धोक्यामुळे. स्पोर्ट क्लाइंबिंगने धोका शक्य तेवढा बाजूला काढला आणि अवघडपणा तेवढा ताटात ठेवला. तो किती वाढून घ्यायचा हेही आपल्या हातात. प्रत्येक वाटेला श्रेणी असते. फ्रेंच पद्धतीत आकडा आणि अक्षर वाढत जातं. बदामीत नवख्याला पेलतील अशा पाच-सहाच्या वाटा आहेत, आणि ‘गणेशा’ नावाची 8बी+ श्रेणीची वाटही तिथेच आहे, जिच्यापुढे मुरलेले चढणारेही हात टेकतात.

धोक्याबरोबर आणखी एक ओझं उतरतं, ते शिखराचं. या वाटा बहुधा कड्याच्या माथ्यापर्यंत जात नाहीत. पंधरा-वीस मीटरवर दोन बोल्टांचा अँकर येतो, तिथे वाट संपते. वर ना देऊळ, ना झेंडा रोवायची जागा. अँकरमधून दोर घ्यायचा, खालच्याला हाक मारायची आणि तो सोडेल तसं खाली यायचं. इतका वेळ धडपडून जिथे पोचलो तिथे थांबण्यासारखं काही नाही, तरी कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही. हवी होती ती मधली धडपडच.

हाच खेळ घड्याळ लावूनही खेळतात. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा आला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या सॅम वॉटसनने पंधरा मीटरची भिंत 4.74 सेकंदांत पार केली. आपल्याला चपलेचा पट्टा लावायला त्याहून जास्त वेळ लागतो. स्पर्धेचं आपल्याकडेही वावडं नाही. 2016 आणि 2017 मध्ये बोल्डरिंगचा, म्हणजे दोराशिवाय बुटक्या भिंतीवर चढण्याचा, विश्वचषक टप्पा नवी मुंबईत झाला, आणि गिरिविहार या मुंबईच्या जुन्या संस्थेने त्यासाठी कंबर कसली होती. पण स्पर्धेतल्या भिंतीला मुदत असते. सुट्टीतल्या कड्याला ती नसते.

असा दिवस बसवकल्याणात का नाही, याचं उत्तर दगडात आहे. आपल्या बीदर जिल्ह्यात खाली काळा बेसॉल्ट आणि बीदर-हुमनाबादच्या पठारावर जांभा. जांभा खाणीतून काढताना मऊ आणि हवा लागली की घट्ट होणारा. म्हणून बीदरच्या किल्ल्याचा तिपेडी खंदक त्यात कोरता आला. पण तो आतून भोकाभोकांचा. बोल्टला हवी असते एकसंध, टणक जागा. बदामीचा तांबूस वालुकाश्म दख्खनच्या बेसॉल्टपेक्षा कितीतरी जुना. पाण्याने आणून टाकलेल्या वाळूचे थर दडपून घट्ट झालेले, त्यामुळे भिंतीवर आडव्या रेघा, कपारी, बोटांची पेरं मावतील एवढ्या कडा. ज्या दगडाने सहाव्या शतकात चालुक्यांच्या शिल्पकारांना गुहा कोरू दिल्या, तोच आज चढणाऱ्यांची बोटं धरतो. चालुक्यांनी आधी बदामीत राजधानी केली, त्यांच्या नंतरच्या घराण्याने आपल्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात. आपण उलट्या दिशेने जातो: सस्तापूर बंगल्यावर हमरस्ता गाठायचा, मग कलबुर्गी, विजयपूर, बागलकोट. सोलापूरकरांना आणि पुण्याच्या पोरांना सोलापूरहून गदगकडे जाणारी गाडी थेट बदामीत उतरवते.

थंडीतली सुट्टी, ऊन चढलेलं. बदामीत उन्हातली भिंत सोडून सावलीतली धरतात, आणि सावली सरकली की चटया, पाण्याच्या बाटल्या, दोराची पिशवी उचलून मंडळीही सरकतात. भाकरी-चटणीचा डबा माकडांपासून जपावा लागतो. चार-सहा जणांत एका वेळी चढणारा एक. बाकीचे पाय पसरून बसलेले, कुणी डोळा लागलेला, कुणी फुकटचा सल्ला देणारा, “डावा पाय वर घे, अजून वर, हां तिथं!” दिवसातला बराच वेळ बसण्यात जातो, कारण बोटांना आणि दंडांना विश्रांती दिल्याशिवाय पुढची खेप होत नाही. पाहणाऱ्याला वाटेल, ही माणसं चढायला आलीत की लोळायला?

पण त्या घोळक्यात एक जण लोळत नसतो. सोलापूरच्या एका बहीण-भावाचं चढणं मी जवळून पाहिलं. बहीण चढणार होती. तिने हार्नेसमधून दोर ओवून आठाची गाठ मारली, मग तोच दोर पहिल्या आठाच्या अंगाअंगाने मागे फिरवून आणला. भाऊ वाकला आणि त्याने गाठीवरून अंगठा फिरवला: सगळीकडे दोन-दोन पदर शेजारी शेजारी, कुठे एकावर एक चढलेला नाही. “बरोबर आहे, ताई.” मग तिने त्याचं ग्रीग्री, म्हणजे बिलेचं यंत्र, पाहिलं, दोर योग्य बाजूने घातलाय का, कॅराबिनरचं कुलूप फिरलंय का. दोघं याच कड्यावर कितीदा येऊन गेलेली. तरी तपासणी वगळली नाही. ती निघाली आणि भावाची मान वर झाली ती वरच राहिली. डावा हात दोर पुढे सारतोय, उजवा ब्रेकच्या बाजूच्या दोरावर मिटलेला. ती क्विकड्रॉत दोर घालायला वाकली की त्याने हातभर ढील दिली. घालून झालं की लगेच आवरली. शेजारी विनोद झाला, सगळे हसले. तोही हसला, पण मान खाली आली नाही. तिसऱ्या बोल्टच्या वर तिचं बोट निसटलं. ती पडली तेव्हा तो दोराबरोबर पाऊलभर उचलला गेला आणि झटका मऊ झाला.

ग्रीग्री 1991 मध्ये आलं. दोराला अचानक ओढ बसली की त्याच्या आतला कॅम फिरतो आणि दोर दाबून धरतो. तरी शिकवणारा पहिल्या दिवशी बजावतो: यंत्र आहे म्हणून ब्रेकच्या दोरावरचा हात काढायचा नाही. या खेळातले बरेच अपघात बोल्ट उपटून होत नाहीत. गप्पांच्या नादात गाठ अर्धी राहते, खाली सोडताना दोराचं टोक यंत्रातून निसटून जातं, बिले देणाऱ्याचं लक्ष फोनकडे जातं. म्हणजे धोका बाजूला काढला असं मी वर म्हणालो ते अर्धंच खरं. धोका नाहीसा झालेला नाही. तो दगडातून उचलून माणसाच्या लक्षात ठेवलेला आहे. वरच्याला जेवढं निर्धास्त व्हायचं असेल तेवढं खालच्याने जागं राहावं लागतं.

इथे बसवकल्याणच्या माणसाला नुलिय चंदय्या आठवणं साहजिक आहे. बाराव्या शतकातले हे शरण दोर वळायचे. गवत कापून आणायचं, दोर वळून विकायचा आणि आलेल्या पैशांतून जंगमांना जेवू घालायचं, हे त्यांचं कायक. त्यांच्या नावाची गुहा आपल्या गावात दाखवतात. आख्यायिका अशी, की पाण्याकाठी गवत कापताना त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग पाण्यात पडलं आणि त्यांनी हातचं काम थांबवलं नाही. लिंग मागे लागलं, मला घे म्हणालं, तरी ऐकेनात. शेवटी मडिवाळ माचय्या या दुसऱ्या शरणांना मध्यस्थी करावी लागली. पुस्तकात वाचली तेव्हा ही गोष्ट मला हट्टाची वाटली होती. पण ज्याच्या हातात दोर आहे त्याने दुसरीकडे बघायचंच नाही, मग हाक कुणाचीही असो, असा तिचा अर्थ बदामीच्या कड्याखाली सरळ लागतो. या दोराला कधीतरी कुणाचं तरी वजन येणार असतं.

याच गावात, याच शतकात, चंदय्यांच्या थोडं आधी, निवांतपणावरही एक मोठा ग्रंथ झाला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास संस्कृतात ‘मानसोल्लास’ रचला. पाच विंशती, शंभर अध्याय: राज्य कसं मिळवावं, टिकवावं इथपासून खाणंपिणं, गाणं-नाचणं, मल्लांच्या कुस्त्या, मासे गळाला लावणं, सगळं त्यात आहे. शेवटच्या विंशतीत वीस क्रीडा आहेत आणि त्यांतली पहिलीच भूधरक्रीडा, म्हणजे टेकडीवरचा विहार. त्यानंतर वनातली, झोपाळ्यावरची, पाण्यातली, वाळूतली, चांदण्यातली. राजाने तिथे काही जिंकायचं नाही. रमायचं. आपल्या स्पोर्ट क्लाइंबिंगशी तिचं तंत्र जुळत नाही, पण डोंगर कामाशिवायही जवळ करण्यासारखा असतो, हे तिथे मानलेलं आहे.

सोमेश्वराच्या आणि शरणांच्या काळात फार तर तीस-चाळीस वर्षांचं अंतर. एकाने करमणुकीचं शास्त्र लिहिलं, दुसऱ्यांनी हातच्या कामाला पूजेच्या जागी बसवलं. एरवी आपण यांत भांडण लावून देतो: आराम म्हणजे राजेशाही चोचले आणि काम म्हणजे पुण्य. मला वाटतं, ही एकाच दोराची दोन टोकं आहेत. राजा टेकडीवर रमतो तेव्हा छत्र धरणारा, पाणी भरणारा, वाट झाडणारा कुणीतरी खाली जागा असतोच. त्या जागेपणाशिवाय वरचं रमणं होत नाही. राजाच्या क्रीडेत खोट असेल तर ती रमण्यात नाही. दोराची टोकं कधीच बदलत नाहीत, ही तिथली खोट. छत्र धरणारा संध्याकाळपर्यंत छत्रच धरतो.

आणि नेमकं हेच बदामीच्या कड्याखाली बदलतं. ताई अँकरपर्यंत जाऊन खाली आली, गाठ सोडली, बोटांवरचा चॉक झटकला, पाण्याचे दोन घोट घेतले, आणि ग्रीग्री स्वतःच्या हार्नेसला अडकवलं. आता भाऊ चढणार, मान तिची वर. कुणाला सांगावं लागलं नाही. आठाची गाठ, अंगठा, कुलूप, पुन्हा तेच. मघा तिला जेवढं निर्धास्त पडता आलं तेवढंच आता त्याला पडता यावं, एवढा एकच हिशोब या खेळात असतो आणि तो दिवस मावळायच्या आत चुकता होतो. चांगला चढणारा पुष्कळ भेटतो. दोर कुणाच्या हाती द्यावा, असं विचारलं की मंडळी जपून नाव घेतात.

हे माप घेऊन आपल्या घरच्या सुट्टीकडे पाहावं. आपल्या भागातली सगळ्यांत मोकळी सुट्टी वेळ अमावस्येची. लातूर, धाराशिव, सोलापूर, बीदर, कलबुर्गी, मार्गशीर्षातल्या त्या दिवशी गावंच्या गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. ज्वारी-हरभरा उभा आहे, काढणीला वेळ आहे. त्या दिवशी शेतात जायचं पण शेतकाम करायचं नाही. कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा, मग भज्जी, उंडे, खीर, गाडग्यातली आंबील, आणि झाडाला बांधलेला झोका. कामाच्या जागी कामाशिवाय जायचं, ही कल्पना आपल्याला कड्यावरून शिकावी लागलेली नाही. ती आपल्यात होतीच.

पण त्या दिवशीच्या दोराचं दुसरं टोक कुणाच्या हातात असतं? आंबील आदल्या दिवशीच लावावी लागते. भज्जीसाठी पालेभाज्या निवडायच्या, तुरीचे, वाटाण्याचे दाणे सोलायचे, उंडे वळायचे. घरातल्या बायका आदल्या रात्री फारशा झोपत नाहीत. आम्ही बाप्ये झाडाखाली आडवे होतो तेव्हाही त्या वाढत असतात आणि संध्याकाळी भांडी घासत असतात. सोमेश्वराच्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी म्हणतात अशी नोंद आहे. राजाच्या करमणुकीच्या ग्रंथातही मुसळाचा आवाज शिरलाच. नऊशे वर्षांत मुसळ गेलं, मिक्सर आला. पाळी तेवढी बदलली नाही.

म्हणून सुट्टी कितपत खरी हे जोखायला मला आता एकच प्रश्न पुरतो: दिवसभरात दोराची टोकं बदलली का? बदलली असतील तर कड्यावर उलटं लटकूनही ती सुट्टीच. नसतील तर गादीवर लोळूनही ती एकाची सुट्टी आणि दुसऱ्याची पाळी. पुढच्या वेळ अमावस्येला आंबील आम्ही पुरुषांनी लावून पाहावी. पहिल्या वर्षी ती फसेल, भज्जीत मीठ जास्त होईल, उंडे फुटतील. फुटू देत. पडल्याशिवाय कुणाला वाट जमत नाही, आणि तेवढं एक वर्ष घरच्यांनी धरलं की झालं.